पावसाच्या फाइली क्लाउडवर नेताना: एप्रिल-मे २०२५ च्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

गटाच्या कालच्या बैठकीत ठरलं की मुंबईच्या पावसाचे आपल्याकडे पडून असलेले सगळे आकडे पाऊस यायच्या आत एका टेबलात बसवायचे. काम माझ्याकडे आलं आहे. जमेल तसं इथे लिहीत जाईन. पुढे हे दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर अमुक गोष्ट अशी का केली हे त्याला शोधत बसावं लागू नये.

आज नुसता माल मोजला. दोन प्रकारचा आहे.

एक, रोजच्या पावसाच्या नोंदी. ९ केंद्रं, १९७१ ते २०२०. कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे छापील तक्त्यांवरून उतरवलेले, बाकीचे शाळा-कॉलेजांच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकांच्या वह्यांमधले. वेगवेगळ्या वर्षांच्या विद्यार्थ्यांनी ते एक्सेलमध्ये टाइप केले आहेत. ५० वर्षांचे दिवस होतात १८,२६३, म्हणजे ९ केंद्रांच्या ओळी हव्यात १,६४,३६७.

दोन, २२ स्वयंचलित मापकांच्या दर १५ मिनिटांच्या फाइली, जून ते सप्टेंबर, २०१४ पासून २०२४ पर्यंत. एका मापकाच्या एका हंगामाची एक फाइल, अशा २४२. दिवसाला ९६ वाचनं आणि हंगामाचे १२२ दिवस, म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये बरोबर ११,७१२ ओळी असायला हव्यात. एकूण २८,३४,३०४. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींवर जागा संपते, त्यामुळे हा माल आजवर कुणी एकत्र पाहिलेलाच नाही. परळच्या सखल हिंदमाता चौकात दरवर्षी पाणी तुंबलं की लोक विचारतात, ‘पाव तासात किती पडला की हिंदमाता भरतं?’ उत्तर या फाइलींमध्ये आहे, पण २४२ तुकड्यांत.

८ एप्रिल

बिगक्वेरीवर (गूगलचा क्लाउडवरचा, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचा डेटाबेस) डेटासेट, म्हणजे टेबलं ठेवायचा कप्पा उघडला. तो कुठल्या ठिकाणच्या सर्व्हरवर राहील ती जागा निवडताना थांबून पाहिलं हे बरं झालं. आपण काही निवडलं नाही तर तो अमेरिकेत उघडतो, आणि एकदा उघडला की जागा बदलता येत नाही, नवा करून माल हलवावा लागतो. मुंबई निवडली. फाइलींची बकेटही (क्लाउडवरची फाइली ठेवायची जागा) मुंबईतच ठेवली.

रोजच्या नोंदींच्या सगळ्या शीट्स जोडून तारखेच्या क्रमाने एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) केली आणि कॉलम कुठल्या प्रकारचे ते बिगक्वेरीलाच ओळखू दिलं. लोड, म्हणजे फाइल टेबलात भरणं, फेल. संदेश असा की ‘१२.४’ हा आकडा पूर्णांक म्हणून वाचता येत नाही.

कारण सापडलं तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. आपोआप ओळखताना तो फाइलीच्या सुरुवातीच्या जास्तीत जास्त ५०० ओळी बघतो. ९ केंद्रं तारखेच्या क्रमाने लावली तर ५०० ओळी म्हणजे साधारण ५५ दिवस, म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी. त्या दिवसांत मुंबईत पाऊस कुठला? सगळीकडे शून्य. त्याने ठरवलं की हा कॉलम पूर्णांकांचा, आणि जून आल्यावर अडखळला.

९ एप्रिल

गटातला एक मित्र दिवसभर हेच काम करतो. त्याने फोनवर सांगितलं, ‘खराब ओळींची मर्यादा हजार ठेव, लोड होऊन जाईल.’ तशी सोय खरंच आहे. मूळ मर्यादा शून्य असते, म्हणजे एक ओळ बिघडली तरी अख्खा लोड परत येतो आणि टेबलात काहीच जात नाही. मर्यादा वाढवली की बिघडलेल्या ओळी गाळून बाकीचा माल आत जातो आणि वर ‘यशस्वी’ असं दिसतं.

मी शून्यच ठेवणार आहे. ‘१२.४’ ला अडखळून गळणाऱ्या ओळी कुठल्या असतील? पाऊस पडलेल्या दिवसांच्याच. कोरडे दिवस तेवढे सुखरूप आत जातील आणि आपल्या टेबलात मुंबई वाळवंट होईल.

ठरवलेली पद्धत दुकानातल्या वहीसारखी आहे. आधी कच्चं टेबल: सगळे कॉलम मजकूर म्हणून घ्यायचे, फाइलीत जे जसं आहे ते तसं, काहीही न बदलता. मग पक्कं टेबल: तारीख तारखेच्या प्रकारात, पाऊस दशांशात. मधलं रूपांतर एका क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत), आणि जिथे रूपांतर जमणार नाही तिथे नल (म्हणजे ‘माहीत नाही’) ठेवून ती ओळ बाजूला यादीत. म्हणजे काय गाळलं हे आपल्या डोळ्यांसमोर राहील.

प्रत्येक ओळीला फाइलीचं नाव आणि त्या फाइलीतला ओळक्रमांकही स्क्रिप्टमधूनच (फाइली वाचणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) जोडते आहे. लोड करताना फाइलीच्या नावात * ही खूण टाकून एका दमात सगळ्या फाइली उचलता येतात, पण मग कुठली ओळ कुठल्या फाइलीतून आली ते टेबलाला माहीत नसतं. उद्या एखाद्या आकड्यावर वाद झाला तर मूळ पानापर्यंत जाता आलं पाहिजे.

११ एप्रिल

कच्चं टेबल भरलं. १,६४,३६७ हव्या होत्या, १,६५,०९८ आल्या. जास्तीच्या ७३१ ओळी कुठून आल्या ते नंतर बघते. आज तारखा.

पक्क्या टेबलावर पहिली साधी क्वेरी टाकली: महिन्यानुसार बेरीज. डिसेंबरमध्ये धो धो पाऊस. एका केंद्रावर ६ डिसेंबरला ११८ मिमी. फाइल उघडली, मूळ वहीचं पान काढलं: १२ जून.

दिवस आधी की महिना आधी, हा जुना घोळ. ज्या संगणकावर अमेरिकी पद्धत लावलेली होती तिथे १२/०६ ची तारीख झाली ६ डिसेंबर, आणि १३/०६ ला तेरावा महिना नसल्यामुळे ती नुसता मजकूर म्हणून पडून राहिली. म्हणजे एकाच फाइलीत महिन्याचे पहिले १२ दिवस उलटे आणि उरलेले सुलटे. ओळखायची खूण तीच: एका कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या (तारीख झालेल्या), काही डावीकडे (मजकूर राहिलेल्या).

मनात आलं की डिसेंबरचा सगळा पाऊस संशयित धरून उलटवून टाकावा. मग २०१७ आठवलं. त्या वर्षी ओखी चक्रीवादळ आलं होतं, ५ डिसेंबरला मुंबईतल्या शाळा बंद होत्या आणि पाऊस खरोखर पडला होता. सरसकट नियम लावला असता तर तो पाऊस १२ मे ला जाऊन बसला असता. म्हणून नियम फाइलीला लावला, महिन्याला नाही. ज्या फाइलीत मजकूर राहिलेल्या तारखा आहेत त्याच फाइलीच्या बाकीच्या तारखा उलटवायच्या. अशा १७ फाइली निघाल्या. प्रत्येकीतली तीन पानं वहीशी ताडून मगच उलटवल्या.

१५ एप्रिल

काल आंबेडकर जयंतीची सुट्टी. आज ७३१ ओळींचा छडा लागला.

एका केंद्राला १९९४ आणि १९९५ च्या प्रत्येक दिवसाला दोन-दोन आकडे, आणि १९९८-९९ अख्खं रिकामं. मला आधी वाटलं कुणी दोनदा टाइप केलं. पण आकडे वेगळे होते.

एक्सेल तारीख म्हणून खरं तर एक क्रमांक साठवतो, कुठल्या तरी पहिल्या दिवसापासून मोजलेला. नेहमीच्या फाइलीत मोजणी १९०० पासून. मॅकवरच्या जुन्या फाइलींमध्ये ती १९०४ पासून असायची. दोन्हींत फरक १,४६२ दिवसांचा, म्हणजे ४ वर्षं आणि १ दिवस. कुणीतरी मॅकवरच्या फाइलीतून तारखा उचलून दुसऱ्या फाइलीत चिकटवल्या, क्रमांक तोच राहिला, आणि १९९८ चा पाऊस चार वर्षं मागे गेला. १,४६२ दिवस मिळवले तर पहिली ओळ बरोबर १ जानेवारी १९९८ वर आली. शेवटची ३१ डिसेंबर १९९९ च्या पुढे १ जानेवारी २००० वर गेली, ती टाइप करणाऱ्याने चुकून घेतलेली एक जादा ओळ. २००० ची ती ओळ त्या वर्षाच्या फाइलीत आहेच, आकडाही तोच, म्हणून ती काढली. मागे गेलेल्या बाकीच्या ७३० ओळी १९९८-९९ च्याच होत्या, त्यामुळे एकूण मोजणीत त्या जास्तीच्या नव्हत्या; जास्तीच्या उरलेल्या ७३० ओळी दुसऱ्याच एका केंद्राच्या खरोखर दोनदा जोडलेल्या दोन वर्षांच्या निघाल्या. त्याही काढल्या. ७३० आणि १. हिशेब मिटला.

आता १,६४,३६७.

१७ एप्रिल

शेरे आणि नावं. कुलाबा, कोलाबा, ‘कुलाबा’ आणि पुढे एक अदृश्य जागा. शीव आणि सायन. भायखळा आणि बायकुला. नावांचं वेगळं छोटं टेबल केलं: डावीकडे फाइलीतलं नाव, उजवीकडे आपलं. स्क्रिप्टमध्ये नावं बदलत बसले नाही, नवं रूप आलं की टेबलात एक ओळ वाढवायची.

दोन फाइलींमध्ये आकडे देवनागरीत आहेत. ‘४५.६’ आपल्याला आकडा दिसतो, डेटाबेसला तो मजकूर. दहा अंकांची बदली, काम झालं.

सीएसव्ही म्हणून साठवताना एका फाइलीतली सगळी मराठी प्रश्नचिन्हं झाली, कारण यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) वाला पर्याय निवडला नव्हता. त्याहून गंभीर म्हणजे एक्सेल सीएसव्हीमध्ये डोळ्यांना दिसतं ते लिहितो, आत साठवलेलं नाही. एका शीटमध्ये दशांश लपवलेले होते, तिथला ६७.८ सीएसव्हीत ६८ झाला. म्हणून हाताने सीएसव्ही करणं आजपासून बंद. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट मूळ शीट थेट वाचेल.

न पडलेल्या पावसाची रूपं: ०, आडवी रेघ, ‘निरंक’, ‘पा. ना.’, ‘कोरडा’, आणि कोरी जागा. पहिल्या पाचांचा अर्थ एक, शून्य. कोऱ्या जागेचा अर्थ मापक कुणी वाचलंच नाही, तो नल. ‘शिंतोडे’ असा शेरा १४० ठिकाणी आहे. ०.१ मिमीपेक्षा कमी, मोजता न येणारा पाऊस. तिथे पाऊस ० ठेवून वेगळ्या कॉलममध्ये ‘शिंतोडे’ असं लिहिलं. त्या दिवशी आभाळातून काहीतरी आलं होतं, हे कुणीतरी गच्चीवर उभं राहून पाहिलं आहे.

२१ एप्रिल

गंमत म्हणून आठवड्याच्या वारानुसार सरासरी काढली. मुलुंडच्या शाळेतल्या मापकावर १९८४ ते २०१६ या काळात रविवारी पाऊसच नाही. एकदाही नाही. आणि सोमवार बाकीच्या वारांच्या जवळजवळ दुप्पट ओले.

उद्या मुलुंडला जाते. ते मापक वाचणारे काका तिथेच राहतात.

२२ एप्रिल

दादरहून स्लो लोकल. काका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त झाल्यावरही वाचायला जात. वह्या अजून त्यांच्याच कपाटात, प्रत्येक वर्षाची वेगळी, खाकी कव्हर घातलेली, कव्हरवर वर्ष. विद्यार्थी त्यांच्या झेरॉक्स घेऊन गेले होते.

मी रविवारचं विचारलं. ते म्हणाले, ‘रविवारी शाळेला कुलूप असायचं गं. शनिवारी सकाळी वाचलं की मग एकदम सोमवारी. गोल केलाय बघ.’

जुलै १९९७ चं पान उघडलं. निळ्या शाईत रोजचा आकडा, तिरका, नीट ओळीत. सोमवारच्या आकड्याभोवती शिसपेन्सिलीचा फिकट गोल. रविवारच्या ओळीत काहीच नाही. पुढे सप्टेंबरमध्ये एका गोलाच्या डोक्यावर बारीक ५. ‘ते गणपतीची सुट्टी. पाच दिवसांचं पाणी एकदम मोजलं. मोजपात्र सात वेळा भरलं त्या दिवशी, दर वेळी पाटीवर रेघ मारली, चुकू नये म्हणून.’

झेरॉक्समध्ये पेन्सिल उमटली नाही. टाइप करणाऱ्यांनी रविवारी रिकामं दिसलं म्हणून शून्य टाकलं. त्यांचा दोष नाही, समोरच्या कागदावर गोल नव्हताच.

३३ वह्यांचे फोटो काढले. काका शेजारी बसून पानं उलटत होते आणि मधेमधे एखाद्या पानावर बोट ठेवून थांबत होते. जेवूनच जा म्हणाले, आमटी-भात आणि कैरीची चटणी खाऊन निघाले.

पक्क्या टेबलात नवा कॉलम येतो आहे: ‘किती दिवसांचा’. बहुतेक ठिकाणी १, सोमवारी २, सुट्टीनंतर जो असेल तो. रविवार शून्यावरून नल. सोमवारचा आकडा दोन दिवसांत अर्धा-अर्धा वाटून देऊ अशी सूचना गटात आली होती. मी नको म्हटलं. काकांनी जेवढं मोजलं तेवढंच टेबलात राहील. वाटून घ्यायचा असेल त्याने आपल्या क्वेरीत घ्यावा.

२५ एप्रिल

चौघांनी मिळून तीन संध्याकाळ गोल शोधले. झालं.

आज कमाल मर्यादेची तपासणी लावली. टाइप करताना दशांश चिन्ह सुटतं, ११२.४ चा ११२४ होतो. म्हणून नियम लिहिला: एका दिवसात ६०० मिमीपेक्षा जास्त असेल तर ओळ बाद. ३७ ओळी बाद झाल्या. यादी वरून खाली बघत गेले. ११२४, ७८६, १०३२, सगळे दशांश सुटलेले, वहीत पाहून दुरुस्त करत होते. मग एकतिसाव्या ओळीवर सांताक्रूझ, ९४४.२.

२६ जुलै २००५.

मी तेव्हा सातवीत होते, कुर्ल्याला. आमच्या चाळीत तळमजल्यावरची सगळी माणसं वर आमच्याकडे होती, आणि बाबा अंधेरीहून चालत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले. छातीपर्यंत चिखल होता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि त्याच वेळी कुलाब्याला ७३ च्या आसपास. एकाच शहराच्या दोन टोकांना. या शहरात पाऊस मोजायचा आणि जागोजागी मोजायचा, हे ज्या दिवसामुळे सगळ्यांना पटलं, त्या दिवसाची ओळ मी स्वतः लिहिलेल्या नियमाने बाहेर काढली होती. यादी न बघता पुढे गेले असते तर आमच्या टेबलात तो दिवस कोरा राहिला असता.

नियम काढून टाकला. आता कुठलीच ओळ आपोआप बाद होत नाही. ‘शंका’ नावाचा कॉलम आहे. मोठा आकडा, शेजारच्या केंद्रांशी न जुळणारा आकडा, डिसेंबरचा पाऊस, अशा ओळींवर शंकेची खूण पडते आणि माणूस मूळ पान पाहून निकाल देतो. निकाल कुणी दिला, कशावरून दिला, तेही लिहायचं.

सांताक्रूझच्या ओळीसमोर लिहिलं: ‘पाहिलं. आकडा खरा आहे.’

२८ एप्रिल

त्याच ओळीने आणखी एक घोळ दाखवला. ९४४.२ एका शीटमध्ये २६ जुलैला आहे, दुसरीत २७ ला.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते ८:३०. २७ तारखेला सकाळी ८:३० ला मापक वाचलं तर तो आकडा २७ च्या नावावर जातो, जरी पाणी २६ च्या दुपारी पडलेलं असलं तरी. काकांच्या वहीतही वाचनाचीच तारीख आहे. पण काही शाळांनी ‘कालचा पाऊस’ म्हणून आदल्या दिवसासमोर लिहिलं. पक्क्या टेबलात तारखेच्या कॉलमचं नावच ‘वाचनाची तारीख’ केलं. ज्या चार केंद्रांत आदल्या दिवसाची पद्धत होती ती एक दिवस पुढे सरकवली, शेजारच्या केंद्रांशी ताडून.

५ मे

१५ मिनिटांच्या २४२ फाइली. स्क्रिप्टने वाचल्या, बकेटमध्ये चढवल्या, एका लोडमध्ये कच्च्या टेबलात. एक मिनिटही लागलं नाही. मोजणी २८,३४,३०४, बरोबर.

मग एका मापकाची फाइल नव्याने आली म्हणून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. माझ्या हातून मोठी चूक झाली. लोड ‘जोडा’ या पद्धतीवर होता, तर सगळा माल पुन्हा आत गेला. ५६ लाख ओळी, मुंबईवर दुप्पट पाऊस. बिगक्वेरीत प्राथमिक की (प्रत्येक ओळ एकदाच असावी असं सांगणारा कॉलम) लिहिता येते, पण ती पाळली जात नाही, दुसऱ्यांदा आलेली ओळ कुणी दारात अडवत नाही. आता कच्चं टेबल दर वेळी पुसून भरायचं, आणि पक्क्यात मर्ज करायचं: मापक आणि वेळ जुळली तर जुनी ओळ बदला, नसेल तर नवी घाला. मुद्दाम तीनदा चालवून पाहिली. आकडा हलला नाही.

७ मे

वेळेच्या कॉलमसाठी २ जुलै २०१९ ची पहाट घेतली. त्या सकाळी ८:३० ला सांताक्रूझची २४ तासांची नोंद ३७५.२ मिमी होती, तेव्हा आपल्याही मापकांवर मोठा उंचवटा दिसायला हवा. दिसला. पण तीन मापकांवर तोच उंचवटा साडेपाच तास आधी, नेमक्या २२ वाचनांइतका. ती तीन यंत्रं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) वेळेवर लावलेली आहेत. उरलेल्यांची वेळ भारतीय, पण फाइलीत तसं कुठे लिहिलेलं नाही, आणि नुसती वेळ दिली तर डेटाबेस ती यूटीसीच समजतो. आता स्क्रिप्ट प्रत्येक वेळेच्या मागे +०५:३० किंवा +००:०० स्पष्ट जोडते.

८:३० चं वाचन ८:१५ ते ८:३० च्या पाण्याचं असतं, त्यामुळे ते संपणाऱ्या दिवसात धरायचं. दिवसाची बेरीज करणाऱ्या क्वेरीत हे ध्यानात ठेवा.

१२ मे

रोजच्या टेबलाला तारखेनुसार पार्टिशन करायला, म्हणजे दर दिवसाचा वेगळा कप्पा करायला गेले. एका जॉबला (एका वेळच्या कामाला) ४,००० पेक्षा जास्त पार्टिशनना हात लावता येत नाही आणि अख्ख्या टेबलाची मर्यादा १०,००० आहे. आपले दिवस १८,२६३. विचार केल्यावर वाटलं, दीड-पावणेदोन लाख ओळींना पार्टिशन हवंच कशाला? सोडून दिलं. केंद्रानुसार क्लस्टर केलं, म्हणजे एका केंद्राच्या ओळी जवळजवळ ठेवल्या, पुरे.

१९ मे

ताडणी. प्रत्येक केंद्राची पाच वर्षं चिठ्ठ्या टाकून निवडली, वहीतली महिन्याची बेरीज आणि टेबलातली बेरीज शेजारी शेजारी. नऊ सोडून सगळ्या जुळल्या. सातांत वहीतली बेरीज चुकलेली होती, दोन चुका आमच्या. दुरुस्त.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत आला. सरासरी तारीख ११ जून. पहाटेपासून कोसळतो आहे, परळला गुडघाभर पाणी, मी घरूनच काम करते आहे.

वळवाचा जोर पाहून यंदा मापकं २० मेपासूनच सुरू केली होती. सकाळी स्क्रिप्ट चालवली तर तिने २२ च्या २२ फाइली परत केल्या: ‘महिना हंगामाबाहेर’, ‘ओळी ११,७१२ नाहीत’. हे दोन्ही नियम मीच एप्रिलमध्ये लिहिले होते, हंगाम जून ते सप्टेंबर असं धरून. ते काढले. आता फाइलीतली पहिली आणि शेवटची वेळ पाहून मधे किती वाचनं असायला हवीत ते स्क्रिप्ट स्वतः मोजते. पूर्ण दिवसाची ९६, एवढंच ठरलेलं.

२७ मे

२० ते २६, सात दिवस, एका मापकाची ६७२ वाचनं. २१ मापकांच्या १४,११२ ओळी पक्क्या टेबलात. बाविसावं मापक काल सकाळी ६:४५ ला बंद पडलं. तिथपर्यंतचे आकडे घेतले, पुढच्या ओळी नल.

नऊच्या सुमारास मुलुंडहून काकांचा फोन.

‘मुलुंडचा किती झाला?’

क्वेरी चालवली, आकडा वाचून दाखवला.

‘साडेआठ ते साडेआठच धरलंस ना?’

‘हो काका.’

‘थांब, पेन घेतो. हं, सांग पुन्हा.’